एमएमॅपचा समाईक कोड: एकाच कर्नलमध्ये वीसेक प्रोसेसर कसे नांदतात?

कडेपठार

मंडळी, गेला महिना एका बगपायी गेला. बग सुटलाय. पण त्याच्या मुळाशी जे सापडलं ते इथे मांडायचंच असं ठरवलं होतं, कारण या विषयावर मराठीत बोलायला माणसं सहसा भेटत नाहीत.

आमचा एक प्रोग्राम ३२ बिट एआरएम बोर्डावर चालतो. त्यात रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) फार खोल जातं, म्हणून स्टॅकची, म्हणजे फंक्शन कॉलचा हिशेब जिथे राहतो त्या मेमरीची, मर्यादा २५६ एमबी ठेवली होती. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, लिनक्स ४.१४. माझ्या टेबलावरच्या ६४ बिट एक्स८६ मशीनवरही ४.१४च. टेबलावर प्रोग्राम बिनतक्रार चालायचा, बोर्डावर मोठा इनपुट दिला की सेगफॉल्ट, म्हणजे नको त्या पत्त्याला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. आणि दर वेळी वेगळ्या खोलीवर! कधी २५३ एमबीला, कधी २४८ला. मर्यादेच्या थोडं अलीकडेच, पण ठरलेल्या जागी कधीच नाही.

आधी कंपायलरवर संशय घेतला, मग बोर्डाच्या रॅमवर. मग कुणीतरी सुचवलं म्हणून स्टॅकची मर्यादा अनलिमिटेड केली, आणि बग गायब! दोन दिवस वाटलं की सुटलं. मग लक्षात आलं की मर्यादा अनलिमिटेड असली की कर्नल त्या प्रोसेसची मांडणीच जुन्या पद्धतीने करतं. म्हणजे बग सुटला नव्हता, मी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला झालो होतो.

उत्तर कोडमध्ये होतं. एमएमॅप म्हणजे प्रोसेसने कर्नलकडे मेमरीत जागा मागायचा कॉल. त्याचा प्रदेश कुठून सुरू करायचा हा पत्ता काढणारं एक छोटं फंक्शन आहे, जेमतेम दहा-बारा ओळींचं. ४.१४मध्ये ते एक्स८६च्या डिरेक्टरीत वेगळं, एआरएमच्या वेगळं, एमआयपीएसच्या वेगळं. दिसायला सगळी जुळी भावंडं, कारण एकमेकांवरून उतरवलेली. २०१७मध्ये रिक व्हॅन रील यांनी एक्स८६ आणि ६४ बिट एआरएममधली चूक दुरुस्त केली, ४.१३मध्ये ती आली. ३२ बिट एआरएमची प्रत तशीच राहिली, एमआयपीएसचीही. म्हणून तोच कर्नल, तोच प्रोग्राम, आणि एका प्रोसेसरवर बरोबर तर दुसऱ्यावर चूक.

प्रोसेसर बदलला म्हणून जे खरोखर बदलतं तेवढंच त्या आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या कुटुंबाच्या) डिरेक्टरीत राहावं, बाकी सगळं एका जागी यावं, असं माझं आता ठाम मत झालंय. ओळी वाचतात म्हणून नाही. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचते म्हणून. तुमचा अनुभव काय?

निवांत

वाचतोय. मी वेब डेव्हलपमेंटवाला, कर्नलमध्ये कधी डोकावलो नाही. ती मांडणी आणि ती चूक जरा सोपी करून सांगाल का?

कडेपठार

प्रोसेसचा पत्त्यांचा प्रदेश म्हणजे एक लांब शेत समजा. वरच्या टोकाला स्टॅक, तो खाली वाढत येतो. तळाला प्रोग्रामचा कोड आणि हीप (चालता चालता लागणारी मेमरी), हीप वर वाढतो. मधल्या मोकळ्या जागेत एमएमॅपने मागितलेले तुकडे बसतात: लायब्रऱ्या, फायली, मोठे मॅलॉक. २००४च्या आधी ३२ बिट एक्स८६वर हे तुकडे १ जीबीच्या खुणेपासून वर लावत जायचे. त्यामुळे हीपला जेमतेम १ जीबी मिळायचा. मग ठरलं की तुकडे वरून खाली लावायचे, स्टॅकसाठी जागा सोडून. ही जागा सोडताना जो बांध घालायचा, त्याचा पत्ता ते दहा ओळींचं फंक्शन काढतं.

बांध कुठे? स्टॅकच्या मर्यादेएवढं अंतर खाली मोजायचं, मात्र निदान १२८ एमबी तरी. पण सुरक्षेसाठी स्टॅक नेमका टोकापासून सुरू होत नाही, कर्नल त्याला आधीच थोडं खाली सरकवतं. माझ्या बोर्डावर ८ एमबीपर्यंत. शिवाय जून २०१७मध्ये स्टॅक क्लॅश नावाचा हल्ला उघड झाला, तेव्हापासून स्टॅकच्या खाली २५६ पानांची (पान म्हणजे मेमरी वाटायचं एकक), म्हणजे ४ केबीच्या पानांवर १ एमबीची पट्टी मोकळी ठेवतात. जुन्या फंक्शनमध्ये ना हे सरकवणं मोजलं होतं ना ती पट्टी. बांध होता तिथेच, स्टॅक मात्र खालून सुरू झालेला. म्हणून माझा स्टॅक मर्यादा गाठायच्या आत बांधावर आदळायचा, आणि सरकवण्याचं अंतर दर वेळी वेगळं म्हणून आदळण्याची जागाही वेगळी.

तुमच्या ८ एमबीच्या नेहमीच्या स्टॅकला याची झळ लागत नाही, १२८ एमबीत सगळं मावतं. म्हणूनच ही चूक इतकी वर्षं कुणाच्या पायाला टोचली नाही.

निवांत

आता लख्ख कळलं. धन्यवाद!

टेकडीवाला

कडेपठार, तुमच्या मुद्द्याला इतिहासातून पुरावा देतो. बांधाची गोष्ट लहान आहे. त्याहून मोठी गोष्ट मोकळी जागा शोधण्याच्या कोडची.

३.८ कर्नल येईपर्यंत (फेब्रुवारी २०१३) एमएमॅपने जागा मागितली की प्रोसेसच्या सगळ्या मॅपिंगांवरून, म्हणजे आधी दिलेल्या तुकड्यांवरून, एकामागून एक चालत जायचं, दोन मॅपिंगांमध्ये पुरेशी फट मिळेपर्यंत. हजारो मॅपिंग असलेल्या प्रोग्रामला हे महागात पडायचं. म्हणून मागच्या शोधाची जागा आणि वगळलेली सर्वांत मोठी फट लक्षात ठेवण्याच्या क्लृप्त्या जोडलेल्या. आणि हा अख्खा लूप, क्लृप्त्यांसकट, कित्येक आर्किटेक्चरमध्ये वेगळा उतरवलेला. वरून खाली आणि खालून वर, दोन्ही.

का उतरवला? कारण प्रत्येकाची एखादी खरी अडचण होती. एआरएमचे काही जुने प्रोसेसर, एमआयपीएस, स्पार्क, पीए-रिस्क यांच्या कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीत) जागा व्हर्च्युअल, म्हणजे प्रोग्रामला दिसणाऱ्या, पत्त्यावरून ठरते. तेच भौतिक पान दोन वेगळ्या पत्त्यांवर मॅप केलं तर कॅशमध्ये त्याच्या दोन प्रती होऊ शकतात, आणि एकीत लिहिलेलं दुसरीत दिसत नाही. उपाय असा की शेअर्ड मॅपिंगचा ‘रंग’ जुळवायचा: पत्ते ठरावीक अंतराच्या पटीत सारखे पडले पाहिजेत. अशा एआरएमवर ते अंतर ४ पानं, म्हणजे १६ केबी. पीए-रिस्कवर लिनक्स ४ एमबीचं अंतर धरतं. एक्स८६ला ही भानगडच नाही. एवढ्याशा फरकासाठी शंभरेक ओळींची नक्कल!

मिशेल लेस्पिनास यांनी काय केलं बघा. आधी मॅपिंगांच्या झाडातच प्रत्येक फांदीखालची सर्वांत मोठी फट नोंदवून ठेवली, म्हणजे शोध झाडाच्या उंचीएवढ्या पायऱ्यांत होतो. मग शोधाचं एकच फंक्शन लिहिलं, आणि आर्किटेक्चरने त्याला फक्त एक छोटी चिठ्ठी द्यायची: लांबी किती, खालची हद्द, वरची हद्द, वरून शोधायचं की खालून, आणि रंग जुळवायचा तर मास्क आणि ऑफसेट काय. बस. पीए-रिस्कची खरी अडचण दोन आकड्यांत मावली.

याचं फळ दहा वर्षांनी मिळालं. ६.१मध्ये (डिसेंबर २०२२) लिआम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांनी ते जुनं झाड काढून मेपल ट्री नावाची नवी रचना आणली. जागा शोधायची अख्खी यंत्रणा बदलली. बहुतेक आर्किटेक्चरवाल्यांना आपापल्या शोधाच्या लूपला हात लावावा लागला नाही, कारण त्यांच्याकडे लूप उरलाच नव्हता. २०१२सारखी परिस्थिती असती तर हा बदल किती आर्किटेक्चरच्या देखभाल करणाऱ्यांच्या दारात अडला असता, विचार करा.

बोरीबंदर

टेकडीवाल्यांचं सगळं पटतं, तरी दुसरी बाजू मांडतो, कारण मी त्या बाजूने भाजलेलो आहे.

समाईक कोड कोण लिहितो? ज्याच्या टेबलावर एक्स८६ किंवा ६४ बिट एआरएम आहे तो. त्याला जे ‘सगळीकडे सारखंच’ वाटतं ते त्याच्या दोन मशीनवर सारखं असतं. पीए-रिस्कवर स्टॅक खालून वर वाढतो! वर सांगितलेलं शेताचं चित्र तिथे उलटं. आयबीएम मेनफ्रेमच्या एस/३९०वर तर पेज टेबलच्या (कोणत्या पत्त्याला कोणतं भौतिक पान हे सांगणाऱ्या तक्त्यांच्या) पातळ्या प्रोसेस चालू असताना वाढतात: ६४ बिट प्रोसेस ३ पातळ्यांवर, ४ टीबीच्या प्रदेशात सुरू होते, आणि एमएमॅपने त्यापलीकडचा पत्ता घेतला की कर्नल वर आणखी एक पातळी चढवतं. म्हणजे ‘जागा शोधली, पत्ता परत केला’ एवढ्यावर तिथे भागत नाही. हे फरक इतिहासाचे नाहीत, यंत्राचे आहेत.

आणि एक्स८६वाल्यांनाही समाईक कोड एकदा बाधलाय. यूजर पानं झटपट पकडून ठेवणारा रस्ता आहे ना, जीयूपी-फास्ट, त्यात लॉक न घेता पेज टेबल वाचतात. २०१७मध्ये एक्स८६ची स्वतःची प्रत काढून समाईक प्रत लावली, आणि पर्सिस्टंट मेमरीवर गडबड दिसल्यामुळे तो बदल मागे घ्यावा लागला. उणिवा भरून पुन्हा आला, ४.१३साठी. तिथे तपासणारे खूप, म्हणून लगेच कळलं. एखाद्या जुन्या आर्किटेक्चरवर ते कधी कळलं असतं?

मी स्वतः एका कंपनीत जुना एमआयपीएस बोर्ड सांभाळायचो. समाईक झालेल्या एका कोडने आमचा ड्रायव्हर दोन आवृत्त्यांनंतर मोडला, आणि ते आम्हाला उत्पादन ग्राहकाकडे गेल्यावर कळलं. आमच्या स्वतःच्या प्रतीत ते झालं नसतं.

अनघा_जो

बोरीबंदर, तुमचं दुखणं खरं आहे. पण जीयूपी-फास्टच्या त्याच गोष्टीत मला उलट धडा दिसतो.

३२ बिट एक्स८६वर पीएई (४ जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय) असेल तर पेज टेबलची नोंद ६४ बिटांची, पण साधं वाचन ३२ बिटांचं. लॉक न घेता वाचायची तर दोन अर्ध्या भागांत वाचावी लागते. मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरने नोंद बदलली तर खालचा भाग जुन्या नोंदीचा आणि वरचा नव्या नोंदीचा, आणि तुमच्या हातात तिसऱ्याच पानाचा पत्ता! म्हणून आधी खालचा भाग वाचायचा, मग वरचा, मग खालचा पुन्हा वाचून ताडायचा. बदलला असेल तर परत पहिल्यापासून. ही युक्ती पूर्वी एक्स८६च्या कपाटात होती. आता समाईक कोडमध्ये आहे, एका कॉन्फिग पर्यायामागे, आणि ज्या ज्या ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिटांची नोंद आहे त्यांना ती आयती मिळते. प्रत्येकाने ती स्वतः शोधून काढायची असती तर किती जणांना तो मधला क्षण सुचला असता?

पेज टेबल हा तर या सगळ्याचा पाया आहे आणि त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून थोडं लांबवते.

कर्नलचा समाईक कोड समजतो की पेज टेबलच्या पाच पातळ्या आहेत. हार्डवेअरमध्ये तेवढ्या असोत वा नसोत. लिनक्स ३८६वर जन्मलं तेव्हा पातळ्या दोन. अल्फावर नेलं तेव्हा तीन लागल्या: ८ केबीचं पान म्हणून १३ बिट, आणि तीन पातळ्यांचे दहा-दहा. ६४ बिट एक्स८६साठी २.६.११मध्ये (मार्च २००५) चौथी आली. किरिल शुतेमॉव्ह यांनी २०१७मध्ये पाचवी आणली आणि ४८ बिटांचा २५६ टीबीचा प्रदेश ५७ बिटांचा, १२८ पीबीचा झाला.

मग दोनच पातळ्यांच्या प्रोसेसरचं काय? तिथे मधल्या पातळ्या ‘घडी घालून’ ठेवतात. मधल्या पातळीच्या तक्त्यात एकच नोंद आहे असं सांगायचं, आणि ती नोंद म्हणजे वरच्या पातळीचीच नोंद. ‘ही रिकामी आहे का?’ या प्रश्नाला तिथे कायम ‘नाही’ असं उत्तर. कंपायलरला हे कंपाइल करतानाच कळतं, म्हणून तो ती पायरी पुसूनच टाकतो. समाईक कोड पाच पायऱ्या लिहितो, यंत्र दोनच उतरतं, आणि वेळ वाया जात नाही. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून हेडर फायली पुन्हा वाचल्या होत्या. इतका देखणा विचार आहे.

३२ बिट एआरएमची युक्ती तर आणखी पुढची. समाईक कोडला प्रत्येक पानाचे ‘वापरलं’ आणि ‘बदललं’ असे दोन बिट हवेत. त्या जुन्या हार्डवेअरच्या नोंदीत ते नाहीतच. शिवाय तिथला दुसऱ्या पातळीचा तक्ता २५६ नोंदींचा, म्हणजे १ केबीचा, आणि पान ४ केबीचं. मग असं केलं: असे दोन हार्डवेअर तक्ते एका पानात ठेवले, २ केबी झाले. उरलेल्या २ केबीत लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींची जोडप्रत ठेवली, त्यात ते दोन बिट. पान नीट भरलं. समाईक कोडला वाटतं हा ५१२ नोंदींचा एक तक्ता आहे, हार्डवेअरला वाटतं २५६चे दोन आहेत. दोघंही बरोबर.

शिकाऊ_२३

अनघाताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध असेल. सगळ्या प्रोसेसरमध्ये पेज टेबल झाडासारखंच असतं का? झाडच नसेल तर घडी कशाची घालणार?

अनघा_जो

अगदी नेमका प्रश्न विचारलास. नसतं. पॉवरपीसीच्या जुन्या पद्धतीत हॅश टेबल आहे, झाड नाही. लिनक्स तिथेही आपलं झाड ठेवतंच, आणि हॅश टेबलला मोठ्या टीएलबीसारखं (नुकतेच शोधलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्या कॅशसारखं) वापरतं: झाड खरं, हॅशमध्ये नसेल तर फॉल्ट येतो आणि झाडावरून भरतात.

टेकडीवाला

यात भर. हा प्रश्न लिनक्सच्या आधी कार्नेगी मेलनच्या मॅक (Mach) कर्नलवाल्यांनी सोडवला होता, १९८७च्या सुमारास, आणि वेगळ्या बाजूने. त्यांनी झाड समाईक धरलंच नाही. मॅपिंगांचा खरा हिशेब यंत्रापासून स्वतंत्र रचनांत ठेवला, आणि पेज टेबलसाठी पीमॅप नावाचा पातळ थर केला: ‘हे पान या पत्त्यावर घाल’, ‘काढ’, ‘परवानगी बदल’ एवढ्याच आज्ञा. यूजर प्रोसेसचा पीमॅपमधला मजकूर फेकून दिला तरी चालतं, फॉल्ट येतील तसा पुन्हा भरतो. त्यामुळे व्हॅक्सची टेबलं, आयबीएम आरटीची उलटी हॅश केलेली टेबलं, सन-३चे मोजके आठ कॉन्टेक्स्ट, सगळं एका थराखाली बसलं. बीएसडी कुटुंबात पीमॅप आजही आहे.

मला विचाराल तर रचना म्हणून पीमॅप जास्त स्वच्छ. लिनक्सच्या पद्धतीत मात्र समाईक कोड नोंदींपर्यंत थेट पोचतो, म्हणून फोर्कमध्ये टेबलांची नक्कल, मोठी पानं, स्वॅपच्या नोंदी हे सगळं एकदाच लिहिलं जातं. पीमॅपमध्ये त्यातलं बरंच काम प्रत्येक पोर्टच्या गळ्यात येतं. म्हणजे प्रश्न समाईक करावं का हा नसून रेघ कुठे मारावी हा आहे.

बोरीबंदर

रेघेचा मुद्दा मान्य. मग माझी रेघ सांगतो. फरक आकड्यांत किंवा तक्त्यात मांडता येत असेल तर कोड समाईक करा, माझी हरकत नाही. परवानग्यांचं उदाहरण घ्या. वाचा, लिहा, चालवा, शेअर्ड अशा चार होय-नाहींचे १६ प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकाराला हार्डवेअरचे बिट कोणते हे प्रोसेसरगणिक बदलतं. पूर्वी प्रत्येक आर्किटेक्चर १६ मॅक्रो लिहायचं. २०२२मध्ये अंशुमन खंडुआल यांनी ते काढले. आता आर्किटेक्चर १६ घरांचा तक्ता देतं आणि तक्ता वाचणारं फंक्शन समाईक आहे. ज्यांना जास्त हवं, उदाहरणार्थ मेमरी टॅगिंगसाठी ६४ बिट एआरएमला, ते स्वतःचं फंक्शन देतात. हे मला आवडलं.

पण समाईक फंक्शनच्या पोटात ‘या आर्किटेक्चरसाठी असं, त्यासाठी तसं’ अशा अटी साचू लागल्या की थांबा. त्यापेक्षा दोन प्रती बऱ्या.

कडेपठार

बोरीबंदर, या रेघेवर माझी सही. आणि माझ्या बगची पुढची गोष्ट याच रेघेवर बसते.

अलेक्झांद्र गिती यांनी २०१९मध्ये वरून खाली मांडणीचा कोड समाईक केला, ५.४मध्ये तो आला. पॅचांचा क्रम बघण्यासारखा आहे. ६४ बिट एआरएमची प्रत सर्वांत धड होती म्हणून ती उचलून समाईक जागी ठेवली. पण एआरएम आणि एमआयपीएसला लगेच तिकडे वळवलं नाही. आधी त्यांच्या जुन्या प्रतींतच सरकवण्याचा आणि मोकळ्या पट्टीचा हिशेब दुरुस्त केला, वेगळ्या पॅचमध्ये, मग वळवलं. म्हणजे काही मोडलं तर दुरुस्तीने मोडलं की हलवण्याने हे गिट बायसेक्टने (बिघडवणारा पॅच शोधून देणाऱ्या साधनाने) कळावं. तुमच्या एमआयपीएस बोर्डासारख्यांची एवढी काळजी घेतलेली पाहून मला फार बरं वाटलं. आणि रिस्क-फाइव्हला तोवर वरून खाली मांडणी नव्हतीच. त्यांना ती जवळपास कॉन्फिगमधला पर्याय निवडून मिळाली. एक्स८६ मात्र बाहेर राहिलं, कारण तिथे एकाच प्रोसेसला ३२ आणि ६४ बिट सिस्टम कॉलसाठी दोन वेगळे बांध लागतात. तो फरक खरा आहे, तो त्यांच्याच घरात राहू दे.

शिकाऊ_२३

मला पवईच्या आयआयटी मुंबईत तयार झालेल्या अजित प्रोसेसरबद्दल कुतूहल आहे. तो ३२ बिट स्पार्क व्ही८ आहे असं वाचलं. मग त्याच्यासाठी हे सगळं नव्याने लिहावं लागेल का?

टेकडीवाला

पेज टेबलपुरतं बोलायचं तर, त्याचा एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारं हार्डवेअर) व्ही८च्या संदर्भ रचनेप्रमाणे असेल तर फारसं नाही. त्या रचनेत तीन पातळ्या आहेत: २५६, ६४ आणि ६४ नोंदींच्या. बिट मोज: ८, ६, ६ आणि ४ केबीच्या पानाचे १२, बरोबर ३२. लिनक्समध्ये ३२ बिट स्पार्कची डिरेक्टरी आहेच, आणि पाचपैकी दोन पातळ्यांची घडी घातली की समाईक कोड तिथे जसाच्या तसा चालतो. नव्याने लिहायचं ते इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, सिरियल पोर्ट, बूट. उलट तुझ्यासारख्याने तिथूनच सुरुवात करावी. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ३२ बिट स्पार्क चालवता येतं, बोर्ड लागत नाही. समाईक एमएमॅपची फाइल आणि स्पार्कची डिरेक्टरी शेजारी उघडून ठेव, आणि एका एमएमॅप कॉलचा प्रवास कागदावर काढ.

निवांत

कडेपठार, शेवटी तुमच्या बोर्डाचं काय केलंत? ५.४वर नेलंत?

कडेपठार

नाही नेता आलं, चिपवाल्यांचे ड्रायव्हर ४.१४लाच बांधलेले होते. पहिल्या दिवशी तात्पुरतं एवढंच केलं की मर्यादा २५६वरून २७२ एमबी केली. बांध मर्यादेवरून मोजला जातो, त्यामुळे मर्यादा वाढली की तोही खाली सरकतो. जास्तीत जास्त ८ एमबी सरकवण्यात आणि १ एमबी पट्टीत गेला तरी २६३ उरतात, आम्हाला २५६ पुरे. मात्र मर्यादा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी शेलमध्येच वाढवावी लागते. प्रोग्रामच्या आत वाढवून उपयोग नाही, बांध एक्झेकच्या, म्हणजे प्रोग्राम चढवण्याच्या, वेळीच पडून गेलेला असतो.

नंतर गिती यांचा ३२ बिट एआरएमपुरता दुरुस्तीचा पॅच तेवढा ४.१४वर बसवला. पूर्ण समाईक कोड आणला नाही. काल रात्रभर तोच मोठा इनपुट मर्यादा २५६ ठेवून ५०० वेळा चालवला, एकदाही पडला नाही. शिकाऊ, तुझा कागदावरचा प्रवास झाला की फोटो इथेच टाक.

शिकाऊ_२३

सुरुवात केली आहे. क्यूईएमयू बूट झालं, आत्ता जागा शोधणाऱ्या फंक्शनपर्यंत पोचलोय. रंग जुळवण्याच्या मास्कवर अडलोय, उद्या विचारतो.